ऐकून घेतलेलं लाकूड

मला लाकडातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. शाळेतला फळा आणि घरातला पाट, एवढीच माझी लाकडाशी ओळख. तरीही सत्तरचं दशक संपता संपता एक अख्खा हिवाळा मी लाकूड शोधण्यात घालवला, आणि पहिल्या झटक्यात जे निवडलं ते साफ चुकीचं निवडलं.

आमचं घर वसईच्या पाचूबंदरला, खाडीच्या तोंडाशी. वडील मासेमार. घरात शिकलेली पहिली मी. माणिकपूरच्या एका शाळेत मास्तरीण झाले होते आणि माझ्या डोक्यात त्याची थोडी हवाही गेली होती. भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. त्या हिवाळ्याच्या दोन वर्षं आधी होडी काठावर ओढून घेताना दोर तुटला, होडी ओंडक्यांवरून मागे घसरली आणि बाबांच्या उजव्या गुडघ्यावर आली. पाय वाचला, पण गुडघा कायमचा सरळ राहिला, वाकेचना. आमच्या होडीत माणसाला उकिडवं बसावं लागतं, उडी मारावी लागते, चिखलात उतरून खांदा लावावा लागतो. यातलं काहीच बाबांना जमेना. होडी चालवायला दुसरं कोणी नव्हतं, तीही जुनी झाली होती. शेवटी ती मोडली आणि तिच्या फळ्या घरामागे झावळ्यांखाली रचून ठेवल्या.

मग बाबा ओट्यावर बसून लोकांची जाळी सांधू लागले. विचारलं तर उत्तर देत, नाहीतर नाही. एकदा चुलतभाऊ त्यांना त्याच्या होडीतून घेऊन गेला. परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "टोपलीवानी नेलान नि टोपलीवानी आनलान." त्यानंतर ते पाण्याकडे पाठ करून बसायला लागले. मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली की मला राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नसे, म्हणून वर्गातल्या वह्यांवर लाल पेन्सिलीने निघायचा.

अशात भावाचं पाकीट आलं. आत एक चित्राचं कार्ड होतं. कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदरातल्या संग्रहालयात ठेवलेली होडी; लांब, निमुळती, एका माणसाची. अर्धी बाजू कातड्याने मढवलेली आणि अर्धी मुद्दाम उघडी ठेवलेली, आतल्या लाकडी बरगड्या दिसाव्यात म्हणून. भावाने लिहिलं होतं, हिला कयाक म्हणतात. हिच्यात पाय सरळ लांब करून बसायचं असतं, गुडघा वाकवायचा नसतो. एकटा माणूस हिला खांद्यावर घेऊन पाण्यात नेतो. त्या मुलखात झाडं उगवतच नाहीत, समुद्र जे लाकूड काठावर आणून टाकतो त्याचीच करतात. सोबत वहीच्या कागदावर त्याने मापं काढून पाठवली होती. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांना नुसतं दाखव. उगाच पाठवलंय.'

उगाच कोणी मापं पाठवत नाही. मी कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्यांनी जाळ्याची सुई खाली ठेवली, कार्ड उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"निस्ता सांगारा हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, "लाकूर कंचं?"

दोन वर्षांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मला रडूच यायला लागलं. आईला मात्र अजिबात कौतुक वाटलं नाही. तिने कार्ड उलटंसुलटं पाहिलं नि परत दिलं. "मानूस आत घालून वरून झाकायचं," ती म्हणाली, "त्याला होरी नाय, पेटी म्हनतात." पेटी म्हणजे आमच्याकडे माणसाला पुरायची पेटी. एवढं बोलून ती बोंबील वाळत घालायला निघून गेली आणि त्या विषयावर पुढे कित्येक दिवस तिने तोंड उघडलं नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन मिनिटांत ठरवून टाकलं. घरामागे त्यांच्याच होडीचं सागवान पडलं होतं. होडीचं लाकूड आमच्याकडे चुलीत घालत नाहीत. त्याची फळी होते, उंबरा होतो, देवाच्या तसबिरीखालचं फडताळ होतं. आमच्या आळीत असं एकही घर नव्हतं ज्याच्या दाराखिडकीत एखादी जुनी होडी बसलेली नाही. मग बाबांच्या नव्या होडीत जुनी होडी बसवण्यासारखं दुसरं काय असणार? हा विचार मला इतका सुंदर वाटला की मी बाबांना विचारलंसुद्धा नाही. त्यांना चकित करायचं होतं ना!

उमेळ्याला एक म्हातारे मेस्त्री होते. चर्चची बाकं, घरांची दारं आणि आमच्या लोकांच्या होड्या, तिन्ही करायचे. मी गाडी करून फळ्या त्यांच्याकडे पाठवल्या आणि भावाचा कागद दिला. त्यांनी एका फळीवर तासणी मारली. आतून मधासारखा रंग निघाला. "बाई, असलं सागवान आता बगायला मिळनार नाय," ते म्हणाले, "पन कागदावर लाकूर लई बारीक दावलंय. एवढ्याशाने होरी टिकंल व्हय?" मग आम्ही दोघांनी मिळून भावाची मापं सुधारली. जिथे दोन बोटं होती तिथे तीन केली. मी गणिताची मास्तरीण, मीच बेरीज करून दिली.

महिन्याने सांगाडा बैलगाडीवरून आला. उतरवायला तीन माणसं लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आळीतले सगळे जमले. बाबा काठी टेकत ओट्यावरून खाली आले. त्यांनी काठी भिंतीला लावली, सांगाड्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि उचलली. वीतभर वर आली आणि खाली आदळली. त्यांनी पुन्हा एकदा उचलून पाहिली. मग कोणी हात लावायला पुढे झालं, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फळीवरून हात फिरवत ते एका जुन्या खिळ्याच्या भोकापाशी थांबले.

"ही माजी होरी हाय. मी वलखतो हिला," ते म्हणाले. "पन ही मेली. मेलेलीला कशाला उटवतंस?"

मी तिथल्या तिथे भडकले. चूक माझी होती आणि माझी चूक असली की मी जास्तच भडकते. "मग तुम्हीच निवडा ना!" मी ओरडले. "ओट्यावर बसून नावं ठेवायला काय जातंय?" बोलून गेले आणि जीभ चावली. आई मासे कापत होती, तिचे हात थांबले. आळीतले लोक एकेक करून निघून गेले. बाबांनी भिंतीला लावलेली काठी परत हातात घेतली. आता ते कायमचे मुके होणार, असं मला वाटलं.

"उद्या टांगा बोलव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधली पहिली मिसा करून आम्ही टांग्याने माणिकपूरला लाकडाच्या वखारीत गेलो. बाबांचा सरळ पाय टांग्याबाहेर एखाद्या दांड्यासारखा आलेला, आणि रस्त्यातला जो तो हाक मारून विचारत होता, कुठे निघालात? सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. बाबा मात्र प्रत्येकाला सांगत होते, "लाकूर बगायला." तिसऱ्या-चौथ्या माणसाला सांगताना त्यांचा आवाज मोठा झाला होता.

वखारीत लाकूड निवडायची त्यांची रीत मी पहिल्यांदा पाहिली. आधी वास. मग तुकड्याला जिभेचं टोक. मग त्यांनी एका लांब वाशाच्या टोकाला कान लावला आणि मला दुसऱ्या टोकाला पाठवलं.

"नखाने खरव," ते म्हणाले. "जोरात नको. उंदरावानी."

मी खरवडलं. डोळे मिटून ते ऐकत होते. "नाय. मदी गाठ हाय, आवाज गिलतंय." पुढचा वासा. "हा फुटलेला." पुढचा. "हा बरा, पन जड." लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या असतील, आत गाठ किंवा चीर नसेल, तर बारीकसा आवाजही या टोकाचा त्या टोकाला जसाच्या तसा पोचतो. बाबांच्या बापाने त्यांना हे शिकवलं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं, मुलीला कोण शिकवणार? त्या दिवशी माझी नखं झिजली. वखारीचे शेठ बाहेर येऊन म्हणाले, "काका, लाकूड काय सांगतंय?" बाबा म्हणाले, "सांगतंय, मना नेऊ नको." शेठ हसले आणि त्यांनी आम्हाला चहा पाजला. तिथलं सगळं लाकूड एकतर जड होतं, नाहीतर आखूड. आम्ही रिकाम्या हाताने निघालो, आणि तरीही बाबा टांग्यात बसून गुणगुणत होते.

येताना मेस्त्रींना भेटायला उमेळ्यावरून आलो. वाडीतून एक बागायतदार कावड घेऊन चालला होता, दोन्ही बाजूंना केळीचे घड. त्याच्या खांद्यावरची काठी दर पावलाला खाली झुकत होती आणि परत सरळ होत होती. बाबांनी टांगा थांबवायला लावला.

"ह्या काठीचं लाकूर कंचं?"

"धामन," तो म्हणाला. "माज्या बापाची कावड हाय. वाकते, मोडत नाय."

"देशील?"

"खांदा माग, देतो," तो म्हणाला आणि हसत पुढे गेला. पण धामण विरारच्या डोंगरात मिळते, फुलपाड्याच्या बाजूला मोळ्या घेऊन बायका बसतात तिथे बघा, एवढं त्याने वळून सांगितलं.

बरगड्या कशाच्या करायच्या ते असं ठरलं. दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी बाबांना विरारला नेलं. फुलपाड्याला रस्त्याच्या कडेला एक आदिवासी बाई जळणाची मोळी घेऊन बसली होती. बाबांनी तिच्या मोळीतून एकेक काठी ओढून पाहायला सुरुवात केली तशी ती वैतागली. "घ्याची त सगली घे. फळं निवडतंस काय?" बाबांनी एक काठी निवडली आणि जमिनीवर बसून आपल्या सरळ पायावर आडवी धरून वाकवली. अर्धी वाकून ती कटकन मोडली. बाई हसली. "ती जाळाची. सुकलेली. वाकवाची त ओली पायजे." मग बाबांनी तिला कार्ड दाखवलं. ते कार्ड ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होते. तिने ते नीट पाहिलं.

"कोंबड्यांचा खुराडा हाय?"

"मी बसनार हाय त्याच्यात."

"मंग चांगली आनते," ती म्हणाली. अमावास्येच्या काळोखात तोडलेली धामण कीड खात नाही, असं तिचं म्हणणं होतं. बाबाही बांबू त्याच पक्षात तोडायचे. पण एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. तोडल्यापासून चार दिवस. त्यानंतर काठी हट्टाला पेटते, मग तिला कोणी वाकवू शकत नाही.

ऐकून मेस्त्री गडबडले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी ओलं लाकूड होडीला लावलं नव्हतं. लाकूड बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, महिनोन् महिने बुडवून, मग सावलीत सुकवून, मगच त्याला हात लावायचा ही त्यांची शिस्त. पण बाबांनी सागवानाची आठवण करून दिल्यावर ते राजी झाले.

ठरल्या दिवशी अंगठ्याएवढ्या जाडीच्या हिरव्या काठ्यांचा भारा आला. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही किती मूर्ख आहोत. बरगड्या वाकवून रोवायच्या कशात? वरच्या दोन लांब कडा आधी हव्यात, भोकं पाडून तयार. त्याच आमच्याकडे नव्हत्या. सोळा फूट लांब, हलकं, बिनगाठीचं लाकूड आख्ख्या वसईत सापडत नव्हतं. बांबू बाबांनी आधीच नाकारला होता. बरगड्यांसाठी भोकं पाडली की तो उभा चिरतो. काठ्या गोणपाटात गुंडाळून ओट्याखाली ठेवल्या. पहिल्या दिवशी मी लाकूड शोधत अर्नाळ्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वखार. बाबा पुन्हा गप्प व्हायला लागले होते. मला भीती वाटत होती ती लाकडाची नाही. या वेळी जमलं नाही तर ते परत कधी टांगा बोलव म्हणणार नाहीत, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाटावर पाणी मारायला गेले, तर ते आधीच ओलं होतं. मी काल रात्री मारलं असेल म्हणून सोडून दिलं. मागच्या अंगणात गेले आणि थांबले. आई बोंबलाच्या मांडवावरून बोंबील उतरवत होती. अर्धे सुकलेले, अजून दोन दिवस उन्हात राहायचे बोंबील. आमच्या मांडवाला सगळ्या आडव्या काठ्या बांबूच्या, पण मधला आडवा दांडा वेगळा होता. लांब, चौकोनी, उन्हाने रुप्यासारखा झालेला. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर तो वाहून काठाला लागला होता. कुठल्या तरी मोठ्या बोटीवर मालाखाली टाकलेलं परक्या मुलखातलं पांढरं लाकूड. आमच्या माणसांच्या लेखी असल्या लाकडाची किंमत शून्य. हलकं म्हणजे कुचकामी, कोंबड्यांना नाहीतर बोंबलांना. बाबांनी तोडून टाकायला काढलेला तो दांडा आईने मागून घेतला होता. मी जन्मभर त्याच्याखालून वाकून गेले होते.

"धर तिकडून," आई मला म्हणाली. "मी काय येडी हाय काय, रोज हात लावतंय त्याला. हलका हाय."

आम्ही दोघींनी तो सहज उतरवला आणि ओट्यावर आणून ठेवला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. टोकाला कान लावला. मी दुसऱ्या टोकाकडे जायला निघाले, तर आईने मला हाताने बाजूला सारलं आणि स्वतः खाली बसली. दोन वर्षं घरात कोणी पाण्याचं नाव काढलं तरी ती ओरडायची. तिने नखाने हळूच खरवडलं.

बाबांनी डोळे मिटले होते. "अजून एकदा," ते म्हणाले. तिने पुन्हा खरवडलं. खरं तर पहिल्याच वेळी त्यांना कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ते अजून एकदा, अजून एकदा म्हणत राहिले आणि आई खरवडत राहिली. मी गोणपाट ओलं कोणी केलं ते विचारलं नाही.

मेस्त्रींनी त्याच दुपारी करवतीने दांड्याचे उभे दोन भाग केले. रेष टोकापासून टोकापर्यंत सरळ निघाली. चौथ्या दिवशी, उतरत्या उन्हापर्यंत, आम्ही बरगड्या वाकवत होतो. बाबा ओट्यावर सरळ पाय पसरून बसले आणि एकेक काठी त्या पायावर दाबून वाकवत गेले. "ह्याचा येवराच उपेग," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. तीन काठ्या मोडल्या, बाकीच्या ऐकल्या. वरून जुन्या शिडाचं कापड ताणून शिवलं आणि मुशी माशाचं तेल नि राळ चोळली. मागच्या टोकाला दोन्ही कडा जिथे एकत्र बांधल्या तिथे लाकूड कापडाबाहेर चार बोटं उघडं राहिलं. मेस्त्री ते कापणार होते. आई म्हणाली, राहू द्या.

राळ वाळल्यावर एका सकाळी, भरती सुरू होण्याच्या वेळी, बाबांनी काठी माझ्या हातात दिली, कयाक खांद्यावर घेतली आणि लंगडत, दोनदा थांबत, एकट्याने पाण्यापर्यंत नेली. कोणी हात लावला नाही. तिच्या कडांत मुरलेला बोंबलाचा वास सगळ्या आळीला येत होता. उथळ पाण्यात तिच्या कडेवर टेकून त्यांनी आधी सरळ पाय आत सारला, मग दुसरा, आणि मग वल्हं मागून घेतलं. ती होडी त्यांच्या मापाची होती. मला इतका आनंद झाला की मी शाळेतल्या पोरांसारख्या टाळ्या वाजवल्या.

आई मात्र गुडघाभर पाण्यात मागे उभी होती, लुगडं भिजवत, मागचं टोक धरून. सोडत नव्हती. बाबा पुढे तोंड करून बसलेले, त्यांना ती दिसत नव्हती, आणि त्यांनी सोड असं म्हटलंही नाही. थांबून राहिले. मग आईने त्या चार बोटं उघड्या लाकडावर नखाने हळूच खरवडलं.

बाबांनी मागे न बघता एक हात वर केला. आईने टोक सोडलं.